ठाणं ऐकतंय

सोमवार, ३ तारीख

स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून तो बुटांना पॉलिश करायचा आणि मी मटार सोलता सोलता त्याचं पुस्तक पुढ्यात धरून प्रश्न विचारायची. दोरीच्या गाठी, दिव्यांचे रंग, धुक्यात भोंगा कसा वाजवायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण उत्तर पुस्तकाबरहुकूम आलं नाही की मी मान हलवायची. अर्थ तोच आहे ना टीचर, म्हणून तो कुरकुरायचा. शाळेत मी शिकवायचे त्याच वर्गात होता, त्यामुळे घरीसुद्धा मी टीचरच. आई फक्त ताप आला की. काळं पॉलिश पुस्तकाला लागायचं, मग माझ्या मटारांनाही. त्यातल्या एकाही संध्याकाळी विशेष असं काहीच घडलं नाही. तरी आज सकाळपासून त्याच डोळ्यांपुढे आहेत.

कारण आज मी त्याच्या ठाण्यावर आले. तटरक्षक दलाचं हे छोटं ठाणं खडकांच्या टोकावर आहे, आणि इथल्या नाविकांना पेटी ऑफिसरच्या, म्हणजे त्यांच्या पुढच्या हुद्द्याच्या, परीक्षेसाठी तयार करायचं काम मला मिळालं आहे. गाठी आणि इंजिनं शिकवायला इथले चीफ आहेत. माझ्याकडे भाषा: अहवाल कसा लिहावा, तोंडी परीक्षेत ततपप न करता कसं बोलावं. माझा मुलगा ही परीक्षा पास झाला होता. बढतीचा हुकूम यायच्या आधीच त्याची बोट उलटली. बाकीचे परत आले. तीन वर्षं झाली.

लेकीला हे मुळीच पसंत नाही. जखमेवरची खपली काढायला एवढ्या लांब कशाला जायचं, असं ती स्टेशनवर म्हणाली, आणि मग माझी बॅग स्वतःच गाडीत चढवली. पण खरं सांगते, मला आज फार बरं वाटलं. खोली लहान, स्वच्छ, खिडकीत पूर्ण समुद्र. गाद्या आमच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहासारख्या कडक. फाटकावरच्या शिपायाने विचारलं की मास्तरच्या आई का तुम्ही. मुलाला इथे मास्तर म्हणत, कारण तो सगळ्यांचं बोलणं दुरुस्त करायचा. संध्याकाळपर्यंत मी सगळ्या ठाण्याची आई झाले होते.

बुधवार, ५ तारीख

वर्ग लागला. सहा जण आहेत, पण जीव दोघांतच अडकणार असं दिसतं. एक लांब्या: दारातून वाकून येतो, आणि वाकलाच नाही तर सगळ्या वर्गाला आवाज ऐकू येतो. पेटी ऑफिसर झालो म्हणजे पेट्या तरी दुसऱ्यांना उचलायला लावता येतील, असं म्हणत होता. दुसरी चिमणी, वर्गातली एकटी बाई. बारीक अंगाची, पण दोर ओढायला लागली की लांब्याला मागे टाकते. तिला लहान मुलगी आहे, आजीकडे ठेवलेली. बढती मिळाली तर कुटुंबासाठी घर मिळतं. म्हणून ती जेवतानाही ओठ हलवत पाठ करत असते.

तोंडी परीक्षेतला सगळ्यात कठीण भाग वायरलेसचा. शेजारशेजारच्या दोन खोल्यांत दोन जुने सेट आहेत, भिंतीतून एका वायरने जोडलेले. बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध नाही. एका खोलीत एकजण बुडणारी बोट होतो, दुसऱ्या खोलीत दुसरा ठाणं. ठाण्याने म्हणायचं, ठाणं ऐकतंय, सांगा. मग चार प्रश्न: कुठे आहात, काय झालं, किती माणसं, अंगात लाइफ जॅकेट आहेत का. इथला एक नियम मला फार आवडला. पहिलं उत्तर ज्याने दिलं, त्याने हाक सोडायची नाही. पाण्यातला माणूस एकाच आवाजाला धरून राहतो म्हणे. जागा बदलायचीच वेळ आली, तर नव्या माणसाने त्या पाण्यातल्याला ऐकू जाईल असं सांगायचं की आता ड्यूटी मी घेतली, आणि जुन्याने म्हणायचं, दिली.

एक गोष्ट मात्र मी बदलली. प्रत्येक वाक्याआधी ही मुलं सराव, सराव, सराव असं तीनदा म्हणत. कानाला ते इतकं टोचलं! आमच्या सिस्टर निबंधातला जादा शब्द लाल पेन्सिलीने असा खोडायच्या की कागद फाटायचा. खोलीत बसून सराव करताय हे तुम्हांला माहीत आहे ना, मग कशाला ती जपमाळ, असं मी म्हटलं. चीफ दौऱ्यावर आहेत. पोरं आनंदाने हो म्हणाली.

शुक्रवार, ७ तारीख

नीट लिहायचा प्रयत्न करते.

दुपारी लांब्या ठाणं होता आणि चिमणी बोट. मी लांब्याच्या मागे गुण द्यायला बसले होते. सेट खरखरला, हाक आली, लांब्याने झकास उत्तर दिलं. आवाज पुरुषाचा होता. मला वाटलं चिमणी सोंग करते आहे. कुठे आहात, तर अक्षांश-रेखांश. काय झालं, बोट उलटली. किती माणसं? एक. जॅकेट आहे, पण फाटलंय.

प्रत्येक उत्तराआधी तो आवंढा गिळत होता. टेबलापाशी गिळायचा तसा.

तेवढ्यात दारातून चिमणी आली, हातात चहाचा ट्रे. उशीर झाला म्हणून माफी मागत होती. बोटीच्या खोलीत ती गेलीच नव्हती. लांब्या उठून पलीकडे बघून आला. खोली रिकामी. कोणीतरी चेष्टा करतंय, सापडू दे, कान उपटतो, असं म्हणत हसला. त्याने लिहून घेतलेली जागा मी चोरून पाहिली. ती मला पाठ आहे. मुलाची बोट उलटल्याचं दलाने कळवलं, त्या पत्रात तीच होती.

तो कागद मी घडी घालून या वहीत ठेवला.

रविवार, ९ तारीख

लेकीचा फोन आला. आवाज का असा येतोय, जेवतेस ना, झोपतेस ना. हो म्हटलं. तिला सांगायला तोंड उघडलं होतं. मग वाटलं, ती येईल आणि मला घेऊन जाईल. आणि मला तो आवाज पुन्हा ऐकायचा आहे.

असं कसं होईल, हे मला कळतं. मी काही खुळी नाही. पण तीन वर्षांत त्याच्या आवाजाची एक ओळसुद्धा माझ्याकडे नव्हती. फोनमधले निरोप जागा कमी पडली म्हणून माझे मीच पुसले होते, तो जिवंत असताना.

सोमवार, १० तारीख

आज मुद्दाम वायरलेसचाच सराव ठेवला. बोटीच्या खोलीला मी स्वतः कुलूप घातलं, म्हणजे तिथे कोणी नसेल. लांब्याला सेटवर बसवलं. हाक आली. तेच सगळं, तसंच. किती माणसं? एक. मग नवीन: कधी येताय? खूप वेळ झाला. कधी येताय?

लांब्याने माझ्याकडे पाहिलं. तो आता हसत नव्हता. निघतोय, धीर धरा, असं तो म्हणाला. मीच शिकवलेलं वाक्य, छोटं, एकही जादा शब्द नसलेलं.

तो उठला तेव्हा त्याची कॉलर ओली होती. आंघोळ करून तसाच आलास का, असं मी विचारलं. त्याने कॉलर चाचपली. नाही म्हणाला. बोटं तोंडाला लावली आणि म्हणाला, खारट आहे.

तेव्हाच थांबायला हवं होतं. थांबले नाही. उद्या पुन्हा बसू असं सांगितलं.

बुधवार, १२ तारीख

लांब्या गेला.

काल सरावाला तो शिसवासारखा ताठ बसून होता. बाह्यांतून पाणी ठिबकत होतं. आज जेवण झाल्यावर ताट घासून जागेवर ठेवलं, धक्क्यावर गेला आणि रबरी बोट सोडली. भर दुपार, समुद्र ताटासारखा. चिमणीने हाका मारल्या. त्याने मागे वळून सांगितलं म्हणे की माझा कॉल आहे, मलाच जायला पाहिजे.

बोट सेटवर सांगितलेल्या त्याच जागी मिळाली. इंजिन बंद, रिकामी. चप्पलजोडी नीट बाजूला काढलेली.

शोध चालू आहे. मी खिडकीत बसून आहे. त्याची आई उद्या येणार.

गुरुवार, १३ तारीख

चीफ परतले. मी त्यांना सगळं सांगितलं, जपमाळेसकट. ओरडतील असं वाटलं होतं. ते माझ्यासमोर येऊन बसले. मग हळूच म्हणाले, आई, तो शब्द आपल्यासाठी नाही हो. ऐकणाऱ्यांसाठी आहे. हे आमचं खोटं चाललंय, तुम्ही येऊ नका, असं त्यांना सांगायला. इथल्या जुन्या माणसांनी घालून दिलेलं. तीनदा, कारण पाण्यात एकदा ऐकू जात नाही.

त्यांनी वायर कापली. दोन्ही सेट टेबलावरून काढून जमिनीवर ठेवले.

लांब्याची आई आली. माझ्याच वयाची. माझा हात धरून म्हणाली, तुम्ही त्याचं फार कौतुक करता असं फोनवर सांगायचा. मी तिला पाणी दिलं. आणखी काय देणार होते मी.

शनिवार, १५ तारीख

चिमणी वर्गातली आपली पुस्तकं आवरायला गेली. जमिनीवरचा सेट बोलला. वायर नाही, वीज नाही. तिने विचार केला नाही. विचार न करता उत्तर देता आलं पाहिजे, असं मीच तिच्याकडून घोटून घेतलं होतं. ठाणं ऐकतंय, सांगा.

मी धावत पोचेपर्यंत तिचे चार प्रश्न संपत आले होते. किती माणसं?

दोन.

आणि मागे कोणीतरी खोकत होतं. लांब्याचा खोकला. डोकं आपटल्यावर हसू दाबताना यायचा तो.

रविवार, १६ तारीख

चिमणीच्या बुटांत पाणी. काढून ओतलं, पुसलं, पुन्हा पाणी. दोनदा धक्क्याकडे निघाली. चीफ आणि मी तिला धरून आणलं, पलंगाला बांधलं. सोडा म्हणते, माझा कॉल आहे. रागाने नाही, अगदी शहाण्यासारखी म्हणते.

तिच्या मुलीचा फोन आला. मी धरला तिच्या कानाशी. पोर कविता म्हणून दाखवत होती. चिमणी भिंतीकडे बघत होती. मध्येच पोरीने विचारलं, आई, तू पाण्यातून का बोलतेस?

चिमणी काहीच बोलली नव्हती.

सेटशी कान लावला. किती माणसं, असं मी विचारलंही नाही. तो आपणहून म्हणाला.

तीन.

सोमवार

चीफ म्हणाले, मी बसतो, मी ड्यूटी घेतो. खुर्ची ओढली त्यांनी. त्यांच्या हातातून माईक मी घेतला. तुम्ही गेलात तर या मुलांना पास कोण करणार, असं विचारलं त्यांना — मला इंजिनातलं काही येत नाही —

चिमणीला उचलून आणलं होतं. मी म्हटलं, बोटीला सांगते, आता ड्यूटी मी घेतली. चिमणीचे दात वाजत होते. तीनदा म्हणवून घेतलं तेव्हा शब्द आला. दिली.

तिचे बूट कोरडे झाले. झोपली. मुलीचं नाव घेत झोपली.

मग मी त्याच्याशी बोलले. टीचर आहे, म्हटलं. घरचं सगळं सांगितलं. मटार, पॉलिश. आवंढा गिळला त्याने — मला वाटलं, आता —

ठाणं, कळलं नाही. बोट उलटली आहे. कधी येताय?

पुन्हा सांगितलं. आई आहे रे, म्हटलं. पुन्हा तेच. ओळखतच नाही. तो असेल, किंवा त्याचा आवाज घेतलेलं दुसरं काही — मला कळत नाही. कळून फरक पडत नाही. मी उत्तर दिलं आहे. मी नाही गेले तर हाक पुन्हा येईल, आणि इथे सगळी शिकवलेली मुलं आहेत.

मंगळवार

बाही ओली. कागद भिजतोय. भराभर लिहिते. चीफ, हे तुम्ही करा —

तो शब्द पुन्हा सुरू करा. तीनदा. भिंतीवर रंगाने लिहा.

घर लेकीला. कपाटातलं सगळं तिचं, बांगड्यासुद्धा. तिला हे वाचायला देऊ नका. तुमच्या शब्दांत सांगा, आणि स्टेशनवर तिने बॅग चढवली ते माझ्या लक्षात आहे असं सांगा. चिडेल. चिडू दे.

लोकरीची शाल चिमणीला, तिला अजून थंडी वाजते. तिच्या मुलीला माझ्या पेन्सिली, लाल सोडून.

शब्दकोश वर्गाला.

चिमणीच्या तोंडी परीक्षेचा शेरा माझ्या सहीने टेबलावर आहे. पास. तिला घर मिळालं पाहिजे, त्यात मागेपुढे पाहू नका.

धक्क्यावर कोणी येऊ नका. मला जाताना कोणी हाक मारू नका —

लांब्याच्या आईला माझ्याकडचं काही देऊ नका. तिला फक्त सांगा, तिचा मुलगा एकटा नाही, मी पोचतेच आहे त्याच्यापाशी, आणि गेल्या गेल्या त्याला सांगणार आहे की तू सुटलास, तुझी ड्यूटी मी —