आटवलेलं पाणी

करंजाडे, पनवेल
४ ऑगस्ट २०२५

ती. स्व. दादास,
वसूचा शि. सा. नमस्कार. इकडील सर्व क्षेम, असं लिहायची आपली रीत; पण इकडे सर्व क्षेम नाही, तेव्हा आज रीत बाजूला ठेवते. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाचं घालतोस, म्हणून पत्र.

आपल्या देवेशची वल्लरी दहा वर्षांची झाली. तिचे पुढचे नवे दात आले ते खडूचे फराटे ओढल्यासारखे, आणि आता त्यांवर तपकिरी डाग पडलेत. वर्गातली कार्टी तिला काय काय चिडवतात ते ती सांगत नाही. मात्र तिनं गॅदरिंगच्या नाटकातून नाव काढून घेतलं, आणि हसू आलं की तोंडावर हात जातो. मिताली तिला नवीन पनवेलच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मीही गेले. सुनेला एकटीला जाऊ देईन ती मी कसली! बाई म्हणाल्या, हे घासण्याचं नाही, पाण्याचं आहे. तुमच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल, तपासून घ्या.

मी त्यांना चांगलंच सुनावलं. आमच्या घरात कच्च्या पाण्याचा थेंब कुणी पीत नाही म्हटलं. आमचे वडील, आप्पा, आपटा गावचे वैद्य, त्यांनी घालून दिलेली रीत आहे: पितळी पातेल्यात, मंद आचेवर, निम्मं उरेपर्यंत आटवायचं. वल्लरी तीन महिन्यांची असताना आम्ही या सोसायटीत आलो, तेव्हा मितालीनं पाण्याचं आरओ मशीन आणलं होतं. पाणी मेल्यासारखं लागतं म्हणून मीच ते परत पाठवलं. तेव्हापासून रोज पहाटे उठून मी पाणी आटवते. आता तिच्या दोन वर्षांच्या भावाला, निनादलाही तेच. ते ऐकून डॉक्टरीणबाई एकदम गप्प झाल्या. मी जिंकले असं मला वाटलं.

इमारतीत महापालिकेचं पाणी तासभर येतं, बाकी सगळं बोअरचं. दोन्ही एकाच टाकीत पडतात. कमिटीनं लिफ्टजवळ सूचनाही लावली आहे, पाणी भरपूर उकळून प्यावे. म्हणजे सगळी सोसायटी आता आप्पांच्या वाटेवर आलीच म्हणायची. तर आप्पा नेमकं काय सांगत ते मला लिहून पाठव. पुढच्या खेपेला त्या बाईंसमोर ठेवते.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, उत्तर तेवढं लवकर येऊ दे.

तुझी,
वसू


पांढरकवडा, जि. यवतमाळ
१३ ऑगस्ट २०२५

चि. वसू,
आशीर्वाद नंतर. आधी गॅस बंद कर.

उकळल्यानं जंतू मरतात. फ्लोराइड हा जंतू नव्हे. पाणी वाफ होऊन जातं आणि ते मागे पातेल्यात राहतं. तू निम्मं पाणी आटवतेस, म्हणजे पेल्यातलं फ्लोराइड दुप्पट करतेस. आप्पा आटवलेलं पाणी सांगत ते तापाच्या माणसाला, आणि तेही पाताळगंगेच्या वाहत्या पाण्याचं. जमिनीत खोल भोक पाडून काढलेलं पाणी त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाई का गप्प झाल्या ते आता तुला कळलं असेल. वयानं लहान असून तिनं तुझा मान राखला. तू तिचा राखला नाहीस.

मला हे कसं ठाऊक, असं विचारशील. मी ज्या गावात मुख्याध्यापक होतो, तिथे शाळेच्या दारातला हातपंप लाल रंगवलेला होता, म्हणजे पाणी पिऊ नये अशी खूण. तू एकदा आलीस तेव्हा विचारलं होतंस, आणि मी विषय बदलला होता. त्याच पंपाचं पाणी मी वर्षानुवर्षं प्यालो. माझ्या पाठीला मी म्हातारपण म्हणत आलो, पण ते म्हातारपण नाही, हाडांत बसलेलं फ्लोराइड आहे. इथल्या डॉक्टरनं मला तीन गोष्टी करायला सांगितल्या: हनुवटी छातीला टेकवा, हात डोक्यामागे न्या, वाकून पायाची बोटं धरा. तिन्हीत नापास. घरातल्या मोठ्या माणसांनी हे करून पाहा आणि मला कळवा.

सरकारी प्रयोगशाळेत नमुना दे. बाटली प्लॅस्टिकची ने, काचेची नको. आणि बाटल्या दोन ने: एक नळाच्या पाण्याची, एक तुझ्या पातेल्यातली.

वल्लरीचे दात आता आहेत तसेच राहतील. पुढे डॉक्टर वरून काही उपाय करतील. निनादचे मात्र आत्ता हिरडीच्या आत घडताहेत. एक दिवसही घालवू नकोस.

आता आशीर्वाद घे. तुला जन्मभर रागावत आलो, यावेळी रागावत नाही.

विनायकदादा


करंजाडे, पनवेल
२ सप्टेंबर २०२५

ती. स्व. दादास,
नमस्कार. घरात गौरी-गणपती आले नि गेले, मी नुसतीच हात जोडत होते.

अहवाल आले. नळाच्या पाण्यात दोन पूर्णांक तीन. एकच्या आत हवं, आणि दुसरं पाणीच नसेल तर फार तर दीड, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. माझ्या पातेल्यात साडेचार. मी तीस वर्षं पाचवी ते सातवीला गणित शिकवलं. पाणी आटलं तर मिठाचं शेकडा प्रमाण किती, हे गणित न सोडवता माझा एक विद्यार्थी वर चढला नाही. आणि घरी मी रोज तेच गणित चुकवत होते.

जिना झाडायला शकू येते. तिच्या सासऱ्याचं उरणकडे मिठागर होतं. तिला मी हे सांगितलं तर ती झाडू टेकवून हसली आणि म्हणाली, पानी आटलं की मीठ उरतं, हे आमच्या लानग्या पोरालाबी ठाव हाय, तुमी तर मास्तरीन! मग तिच्या ध्यानात आलं, हसू गेलं, आणि म्हणाली, बाय, आमी पन हितलंच पानी पितो.

मितालीला मी सगळं सांगितलं. तिनं पातेलं माळ्यावर टाकलं आणि त्याच दिवशी मशीन मागवलं. दादा, ती कडाडली असती तर बरं झालं असतं. देवेशचे नि तिचे हात डोक्यामागे जातात, माझेही जातात. मी वाकले की गुडघे कुरकुरतात, पण ते माझे जुनेच.

आता पुढचं ऐक. तळमजल्यावर शशिकलाबाईंचं पाळणाघर आहे, चौदा मुलं. त्यांच्याकडे मशीन नाही. कमिटीची सूचना वाचून त्या बिचाऱ्या मुलांचं पाणी अर्धा अर्धा तास उकळतात. मी अध्यक्षांकडे, उदयसिंहांकडे गेले. माणूस गोडबोल्या. म्हणाले, वसुंधराताई, घरोघरी मशीन आहेत, विमानतळामुळे फ्लॅटना गिऱ्हाईक येतंय, अशा वेळी पाण्याची बोंब कशाला? फारच वाटलं तर उकळून प्या म्हणून आणखी एक सूचना लावू. सूचनेच्या खाली त्यांचीच सही आहे.

२८ तारखेला सोसायटीची वार्षिक सभा आहे. देवेशचं म्हणणं, तिथे नळाचा कागद दे, पातेल्याचा देऊ नकोस. लोक म्हणतील आजीनंच नातीला पाजलं, आणि आपल्याला लिफ्टमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तो माझ्यासाठी म्हणतो, मला कळतं. पण नुसता नळाचा कागद दिला तर उदयसिंह म्हणणार, उकळून प्या. उकळल्यानं काय होतं ते दुसऱ्या कागदावरच आहे.

मला लाज वाटते, दादा. दोन दिवस तो दुसरा कागद मी साडीच्या घडीत लपवून ठेवला, हेही तुला सांगते. आणि एक विचारायचं आहे. पंप लाल झाला तो केव्हा, आणि तुला कळलं ते केव्हा?

राग आला तरी माझ्यावरचा लोभ तोडू नकोस.

वसू


पांढरकवडा
१४ सप्टेंबर २०२५

चि. वसू,
अनेक आशीर्वाद.

परवा देवेशचा फोन आला होता. मामा, आईला आवरा, असं तो बेंबीच्या देठापासून ओरडत होता. मला सगळं ऐकू आलं. मी मात्र हो रे बाबा, इकडे कापूस बरा आहे, एवढंच म्हणत राहिलो. बहिरेपणाचा असा उपयोग पहिल्यांदाच झाला.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कागद आला अठ्ठ्याण्णव साली, जूनमध्ये, माझ्याच नावानं. पंपाचं पाणी पिण्यास अयोग्य, लाल रंग द्यावा. मला वाटलं, लोक घाबरतील, मुलं काढून घेतील, आधीच पट कमी, शाळा बंद पडेल. म्हणून कागद कपाटात ठेवला. दोन पावसाळे तो तिथे होता. पंप लाल केला तो मी नाही, नंतर आलेल्या एका तरुण अधिकाऱ्यानं. त्यानं स्वतः ब्रश हातात घेतला होता आणि मी त्याला चहा दिला.

त्या वर्षी पहिलीत आलेली मुलं आता तेहतीस वर्षांची आहेत. त्यातला एक इथल्या एसटी स्टँडवर पुस्तकं विकतो. भेटला की पाया पडतो आणि ओठ मिटून हसतो. सत्तावीस वर्षं मी त्याला आशीर्वाद देतो आहे. तुझ्या वहिनीलाही हे मी काल पहिल्यांदा सांगितलं.

तेव्हा सल्ला मागू नकोस, माझा गुन्हा बघ आणि त्याच्या उलट कर. दुसरा कागद पहिला वाच. तू अज्ञानानं चुकलीस, मी जाणूनबुजून. उदयसिंह जाणूनबुजून करतोय, आणि त्याला माझ्यासारखी दोन वर्षं द्यायची नाहीत. लिफ्टमध्ये तोंड दाखवायची लाज वाटली तर जिन्यानं जा, गुडघ्यांना व्यायाम होईल.

मी त्या पुस्तकवाल्याला जाऊन सांगणार आहे. अजून गेलो नाही. तुझी सभा झाली की जाईन म्हणतो; तुझ्या मागून जायची ही पहिलीच वेळ.

घरच्यांस आशीर्वाद, मितालीस विशेष.

विनायकदादा


करंजाडे, पनवेल
१ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. दादास,
नमस्कार, आणि उद्याच्या दसऱ्याचं सोनं आजच घे.

सभा झाली. खाली पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोसे, आणि ऐनवेळच्या विषयांत सगळ्यात शेवटी माझं पाणी. तोवर निम्मी माणसं उठायच्या तयारीत. मी उभी राहिले आणि पातेल्याचा कागद आधी वाचला. साडेचार. म्हटलं, हे पाणी मी माझ्या हातानं नातीला दहा वर्षं पाजलं, गणिताची बाई असून पाजलं. मागून कुणीतरी हसलं. हसू दे म्हटलं, पण उद्या सकाळी भांडं गॅसवर ठेवाल तेव्हा आठवा. उदयसिंह म्हणाले, मग हा तुमच्या घरातला प्रश्न झाला, सोसायटीचा नव्हे. तेव्हा मी त्यांच्या सहीची सूचना भिंतीवरून काढून आणलेली होती, ती वाचली. मग नळाचा कागद वाचला. बरीच वादावादी झाली. मग शशिकलाबाई उठल्या. माझ्या चौदा मुलांच्या आयांना आज संध्याकाळी मी काय सांगू, तेवढंच अध्यक्षांनी सांगावं, असं त्या म्हणाल्या. उत्तर मिळेपर्यंत बाई बसल्या नाहीत.

ठरलं असं: बोअर पिण्याच्या टाकीपासून तोडायची, तिचं पाणी फक्त संडासाला. महापालिकेचं पाणी वेगळ्या टाकीत, कमी पडलं तर तपासलेला टँकर. प्लंबर काल येऊन गेला. इतिवृत्तात उदयसिंह नुसतं पाण्याबाबत चर्चा झाली असं लिहीत होते. मी म्हटलं, माझं नाव लिहा, मी काय केलं तेही लिहा, आणि सूचनेवर सही कुणाची होती तेही. ते होईपर्यंत मी वहीसमोरून हलले नाही.

देवेश अजून गाल फुगवून आहे. मिताली काल महिनाभरानं आपणहून बोलली. म्हणाली, आई, मला ऑफिसची घाई असते, उद्यापासून निनादची बाटली तुम्हीच भरत जा. मी मशीनसमोर उभी राहून ती भरली आणि थोडी रडले.

तू पुस्तकवाल्याकडे गेलास का? नसशील गेला तर पत्राचं उत्तर देऊ नकोस, आधी जा.

लोभाचं मागणं कशाला, तो भांडणासकट आपला आहेच.

वसू


१ ऑक्टोबर

प्रिय दादाआजोबा,
सा. न. मी वल्लरी. आजी पाकीट बंद करायला डिंक आणायला गेली आहे, तेवढ्यात लिहिते. तिनं पत्र वाचायला दिलं नव्हतं, मी वाचलं. तिनं एक गोष्ट लिहिली नाही.

मी आजीवर रागावले आहे. मी तिला विचारलं, माझे दात तू केलेस का? ती म्हणाली हो. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. म्हणून मी तिच्याशी बोलत नाही. पण सभेला मी हट्टानं गेले आणि तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती म्हणून तिथे बसले.

ती बोलत होती तेव्हा अध्यक्षकाका म्हणाले, वेळ संपली, खाली बसा. ती नाही बसली. ते परत म्हणाले. बाबा पण हातानं बस बस करत होते. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा आजी तीच ओळ दुसऱ्यांदा वाचायला लागली. मग मी उभी राहिले. काका म्हणाले, बाळ, तुझं काय काम? मी म्हणाले, दात माझे आहेत. आणि सगळ्यांना दाखवले, मागच्या रांगेला पण. त्यानंतर शशिकलामावशी उठल्या.

माझा राग अजून गेलेला नाही. आजीला मी वहीत लिहून कळवलं आहे की तो दिवाळीपर्यंत राहील. पण तिला परत कुणी खाली बस म्हणालं, तर मी परत उभी राहणार आहे.

तुमची,
वल्लरी