समुद्राकडची भिंत

३० मार्च, सोमवार

रंगारी नोय रूफोंनी आज पत्तीने भिंत खरवडून पाहिली. हिरवा निघाला नाही. पत्ती वाकली.

"हा घराचा रंग नाही मॅम, जहाजाचा आहे," म्हणाले. "देन्सिओने तीन हात मारलेत. घर पडेल, रंग नाही पडायचा."

मग एकदम गप्प झाले. देन्सिओचं नाव तोंडातून गेलं की माझ्यासमोर सगळेच असे गप्प होतात. मी विचारलं, प्रायमरचे किती डबे लागतील. त्यांना बरं वाटलं.

२६ एप्रिलला देन्सिओला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी हुबकास – मी काळे कपडे उतरवायचे, पाद्रींची प्रार्थना, गावाला जेवण. त्याआधी घर रंगवून घ्यायचं. हे मीच ठरवलं, कुणी सांगितलं नव्हतं. पाहुणे येणार म्हणून, असं विचारणाऱ्यांना सांगते.

नानाय, म्हणजे माझ्या सासूबाई, वर्षभरात एक दिवसही काळं ल्यायल्या नाहीत. माझा नवरा देन्सिओ मालवाहू जहाजावर डेकचा मुकादम होता. सुरिगावच्या पुढे एका पहाटे तो हजेरीला नव्हता. सहा दिवस शोधलं. काही मिळालं नाही.

"उशीर झालाय त्याला," नानाय म्हणतात. "जहाजाच्या माणसाला होतो."

३१ मार्च

नोय रूफोंनी रंगांचं कार्ड ठेवलं. चाळीस चौकोन. मी अर्धा तास बघत बसले. प्रत्येक रंग चालण्यासारखा होता.

"पांढरा नको हं मॅम. शाळा वाटेल, पोरं रांगा लावून उभी राहतील."

शेवटी सायीच्या रंगावर बोट ठेवलं. आवडला म्हणून नाही. बोट तिथे होतं.

आत सगळं देन्सिओचंच रंगकाम आहे. जहाजावर डबा तळाला गेला की तो घरी आणायचा. म्हणून जेवणाचं टेबल राखाडी, कपाट गंज रोखायच्या तांबड्या रंगाचं, आमच्या लेकीचं, जेसाचं, अभ्यासाचं टेबल जहाजाच्या शिडीसारखं पिवळंधमक. आणि बाहेरची समुद्राकडची भिंत हिरवी. लग्न होऊन आले तेव्हा मला या घराची लाज वाटली होती. कुणाला बोलले नाही. इथे लिहिते.

शेवटच्या फोनवर त्याने विचारलं होतं, "या वेळी आलो की स्वयंपाकघर रंगवतो. कुठला रंग?" मी पेपर तपासत होते. म्हणाले, "तुला हवा तो लाव." किती पेपर उरलेत, हे मोजत म्हणाले. अठरा उरले होते. ते आठवतं. त्याचा आवाज नीट आठवत नाही.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

आज कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. ब्रश रॉकेलात पडून आहेत. मासेमारीही बंद, किनारा होड्यांनी भरलेला.

दुपारी नानायनी घरातल्या मृतांची नावं घेतली. सासरे, दोन दीर, तान्हेपणी गेलेली नणंद. देन्सिओचं नाव नाही. मी मनात जोडलं. मग वाटलं, चोरून जोडलं. आईच्या यादीत नाव नसताना बायकोने घालायचं का? याचं उत्तर कुठल्या पाद्रींना विचारू?

७ एप्रिल

आतल्या खोल्या झाल्या. टेबल घासून त्यावर पहिला हात मारला. राखाडीखाली लाकूड किती फिकट होतं!

जेसा वसतिगृहातून सुट्टीला आली. दारात पिशवी ठेवून म्हणाली, "आई, दवाखाना वाटतोय. नंबर घेऊ का?"

मी हसले. हसायला हवं तेव्हा मी हसते. ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

रंगाच्या वासाने डोळ्यांतून पाणी येतं. फक्त वासाने.

९ एप्रिल

आज समुद्राकडची भिंत घ्यायची होती. सकाळी बाहेर आले तर नानाय भिंतीला पाठ लावून खुर्चीवर बसलेल्या. मांडीवर पंखा. ठरवून बसलेल्या.

"नानाय, उठा. नाहीतर तुम्हालाही रंगवून टाकतो," नोय रूफो म्हणाले. "नवीन वाटाल. कुणी मागणी घालेल."

"तुझ्यासारखा म्हातारा घालेल. नको."

मी म्हणाले, "दोन दिवसांचं काम आहे. आत बसा ना."

"आणि बोटीतून त्याला घर कसं कळायचं?"

"नानाय, पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला आपलं घर कळत नाही का?"

"समुद्रावरून नाही कळत. तू कधी पाहिलंयस समुद्रावरून?"

नाही पाहिलं. सेबूहून बोटीने येते तेव्हा मला उलट्या होतात. बोट धक्क्याला लागेपर्यंत डोकं पिशवीत असतं. देन्सिओ दर तीन आठवड्यांनी यायचा आणि अंगणात पाय ठेवताच म्हणायचा, "आज पायरीवर बसली होतीस. मी आधी पाहिलं तुला." मला वाटायचं, थाप मारतो.

नानाय संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. जेसाने भाताची ताटली बाहेर नेऊन दिली.

११ एप्रिल, शनिवार

मी आज जे केलं ते जसंच्या तसं लिहिते.

काल नोय रूफोंना सांगून ठेवलं – उद्या नानायना आठवडी बाजाराला नेते, तेवढ्यात भिंत उरका. ते म्हणाले, "घासल्याशिवाय रंग धरायचा नाही मॅम. तेलाच्या रंगावर पाण्याचा रंग, घसरून येईल." मी म्हणाले, घासायला वेळ नाही. ते कान खाजवत राहिले. "तुम्ही म्हणाल तसं."

बाजारात नानायनी सुक्या माकुळांची जुडी घेतली. आमच्याकडे माकुळ फक्त देन्सिओ खातो. खायचा. मी पिशवी धरून उभी होते. घरी ब्रश चालू असेल, हे मला माहीत होतं. मी त्यांना उसाचा रस पाजला – आणखी थोडा वेळ जावा म्हणून.

परत आलो. वळणावरच त्यांना वास आला. सरळ भिंतीपाशी गेल्या आणि तळवा टेकवला. रंग ओला होता. तो हात तसाच झग्याला पुसला. नवा, फुलांचा, बाजाराला जायचा झगा.

मी म्हणाले, "पाणी आणते." त्या म्हणाल्या, "राहू दे."

१२ एप्रिल

नानाय जेवल्या नाहीत. मी जेवले.

१५ एप्रिल, बुधवार

माझ्या जुन्या विद्यार्थ्याची, बेतोयची, होडी आज उजाडताना खडकावर चढली. होडीचा तोल धरणारा डाव्या अंगाचा बांबू मोडला, जाळं गेलं, पोटरीला सात टाके. गावात बोलणं होतं की डुलकी लागली असेल.

दुपारी तो स्वतःच आला. लंगडत. पायरीखाली उभा राहिला, वर येईना. नजर माझ्या काळ्या कपड्यांवरून खाली.

"मॅम, राग मानू नका. तुमची चूक नाही. मीच विचारायला हवं होतं."

"काय विचारायला हवं होतं?"

"भिंतीचं."

मग तुकड्यातुकड्याने सांगितलं. बाहेर प्रवाळाच्या रांगेत एकच वाट आहे, दोन होड्यांच्या रुंदीची. तिथून आत यायचं तर चॅपेलचा क्रूस आमच्या हिरव्या भिंतीच्या बरोब्बर वर धरायचा आणि सरळ चालवायचं. बेतोय चार दिवस बाहेरच्या बेटावर होता. परतला तेव्हा अंधुक उजेड. एक हिरवं दिसलं, त्याने क्रूस त्यावर धरला. ते खोबऱ्याच्या गोदामाचं दार होतं.

"बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्यांनी दोन दिवसांत दुसरी खूण धरली. नारळाचं वाकडं झाड. अंधारात दिसत नाही ते, पण चालवून घेतात."

"मला कुणी का सांगितलं नाही?"

तो पायाकडे बघत म्हणाला, "शोकाचं घर आहे, मॅम. त्यात तुम्ही आम्हाला शिकवलेलं. घरात जाऊन कोण म्हणणार, तुमची भिंत आमच्यासाठी हिरवी ठेवा?" आणि मग, "देन्सिओ मानोंगला, आमच्या दादाला, माहीत होतं सगळं. त्यांनी आम्हालाच विचारून रंगवली होती. तुमच्या लग्नाआधीची गोष्ट, मी पोरगा होतो, बापाच्या होडीत. आधी अर्धीच रंगवली, आम्ही होडीतून ओरडलो – आणखी वर, आणखी वर! शिडीवरून शिव्या घालत होते आम्हाला."

हे मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं त्या भिंतीच्या आत झोपले.

१६ एप्रिल

दोन बिंदूंमधून एकच सरळ रेषा जाते. हे मी बेतोयला शिकवलं आहे. त्याच्या भावाला, निम्म्या किनाऱ्याला. उदाहरणं पुस्तकातली दिली. खिडकीबाहेर होड्या त्याच रेषेवरून येत होत्या.

आणि नानाय म्हणाल्या होत्या, समुद्रावरून घर कसं कळायचं. मी ते म्हातारपणात काढलं. मुलासाठी बोलतायत, एवढंच ऐकलं. त्या तेवढंच म्हणत होत्या की आणखीही काही, हे आता कसं विचारू?

सात टाके. डोक्याला लागलं असतं तर? हा प्रश्न मी मुद्दाम सकाळपासून पुन्हा पुन्हा विचारते आहे. पेपरातली बातमी वाचावी तसा वाचला जातो.

१८ एप्रिल

नोय रूफोंना बोलावलं. मी म्हणाले, पुन्हा हिरवा करायचा.

त्यांनी भिंतीवर नख लावलं. सायीचा रंग उकडलेल्या केळ्याच्या सालीसारखा लांबच लांब निघून आला. खाली देन्सिओचा हिरवा, जसाच्या तसा, चकचकीत.

"म्हटलं होतं," ते म्हणाले. "घाईचा रंग आहे हा. सोलून काढा मॅम, पत्तीही नको. वर मी एक हात मारून देतो."

२० एप्रिल

आज दिवसभर सोललं. मी, जेसा. अकराच्या सुमाराला नानाय खुर्ची घेऊन आल्या. मला वाटलं, बसतील. त्यांनी खुर्चीचा आधार घेतला आणि खालची बाजू सोलायला लागल्या.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग –

"हात चालव. शाळा नाही ही, घंटा व्हायची वाट बघायला."

थोड्या वेळाने मी म्हणाले, "नानाय, त्या दिवशी बाजाराला मी तुम्हाला मुद्दाम नेलं."

"ठाऊक आहे. तू मला कधी उसाचा रस पाजला होतास?"

"मग आलात का?"

"माकुळ आणायचे होते."

जेसा फिसकन हसली. नानायही. माझी नखं दुखायला लागली होती. दुखलं ते बरं वाटलं. वर्षात पहिल्यांदा काहीतरी दुखलं, असं लिहिणार होते. नखंच दुखली, तेवढंच लिहिते.

२३ एप्रिल, गुरुवार

हिरवा झाला. बेतोय म्हणाला, समुद्रावरून बघून घ्यायला हवं, तुम्हीच चला. मी म्हणाले, मला उलटी होते. "मग समुद्रात करा, मॅम. मासे खातील."

त्याच्या भावाच्या होडीतून गेले. या वेळी डोकं वर ठेवलं. प्रवाळाच्या वाटेपाशी बेतोयने इंजिन बंद केलं. मागे बघा, म्हणाला.

क्रूस. त्याच्या खाली हिरवा तुकडा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. बाकी किनारा सगळा एकसारखा. आणि हिरव्यावर एक बारीक ठिपका – पायरीवर बसलेल्या नानाय. बसलेल्या आहेत, हेही कळत होतं.

म्हणजे तो थाप मारत नव्हता.

मी हात वर केला. का, कोण जाणे. ठिपका उभा राहिला. नानाय हल्ली कुणी हात दिल्याशिवाय उठत नाहीत. त्या कुणासाठी उठल्या, ते मला समजलं. मी हात खाली घेतला, आणि हात का वर केला म्हणून परत येईपर्यंत स्वतःला विचारत राहिले.

उलटी झाली नाही.

२५ एप्रिल

उद्याची तयारी. सकाळपासून हुंबा शिजतो आहे, डुकराचं मांस, वरून केळफुलाची सुकी फुलं. तांदूळ भिजत घातले. शेजारच्या साकरांकडून मोठी पातेली उसनी आली.

नानाय लसूण सोलत होत्या. न बघता म्हणाल्या, "परवा होडीतून हात वर केलास आणि लगेच खाली का घेतलास?"

मी खरं सांगितलं. "तुम्ही उठलात. तुम्हाला वाटलं असेल..."

"काळे कपडे होते," त्या म्हणाल्या. "काळं त्याने जन्मात घातलं नाही. काळ्या कपड्यांतलं एकच माणूस आहे या घरात."

लसणाची पाकळी पातेल्यात टाकली.

"तूच होतीस. म्हणूनच उठले."

मी पुढची पातेली घासायला घेतली. घासलेलीच होती.

२६ एप्रिल

प्रार्थनेनंतर मी काळे कपडे उतरवले, घडी करून टेबलावर ठेवले. नानाय आल्या. वरचा ब्लाउज उचलून अंगाला लावून पाहिला. म्हणाल्या, "माझं वर्ष आजपासून धर." त्यांना तो खांद्यात सैल होतो. पाहुणे अंगणात जेवत होते; मी आत बसून दोन्ही खांद्यांना टाके घातले.