घळीत घेतलेलं नाव

मार्गशीर्ष वद्य पंचमी, घळीवरचा पाडा

आज वाघ नदीच्या घळीत मी यांचं नाव घेतलं. तेही ओरडून! यांची बदली खोडाळ्याला झाली म्हणून जव्हारहून निघालेलो. हे पुढे. समोर शेवाळलेला कातळ, खाली डोह. ‘अहो, अहो’ पाण्याच्या आवाजात ऐकूच जाईना. मग तोंडातून नावच निघालं, “दामोदर!” हे जागीच थांबले. घळीचे कडे मात्र कितीदा तरी तेच नाव घेत राहिले. आणि मागे डोलीत सासूबाई!

मुक्कामाला पाड्यावर पोचलो. आता बोलणी बसणार, दुसरं काय? दिवेलागणीला त्या म्हणाल्या, “नावाचं काय घेऊन बसलीस? तो वाचला ना!”

मग कड्याशी गेल्या आणि वारलेल्या मामंजींचं नाव घेतलं. मोठ्याने, जन्मात पहिल्यांदा.

घळीने तेही परत दिलं. ते विरेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.