वरचा शब्द, खालचा शब्द

मी, वासंती पद्मनाभ हुदलीकर, वय सदुसष्ट, निवृत्त ट्रंक टेलिफोन ऑपरेटर, राहणार बनशंकरी सेकंड स्टेज, बेंगळूर, आज पूर्ण शुद्धीत आणि आपखुशीने माझ्या पश्चात काय कोणाचे ते लिहून ठेवीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असे कोणी म्हणाल्यास ते खोटे समजावे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉ. प्रतिमा यांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला आणि सात आठे किती ते विचारले. मी त्यांना विचारले, समोरून समुद्रराक्षस आला तर आधी उडी मारायची की आधी भाला फेकायचा? त्यांना सांगता आले नाही. तरी दाखला मलाच लागतो.

माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकेल असा एकच माणूस होता, माझा धाकटा भाऊ भीमाचार्य, निवृत्त मुख्याध्यापक. तो मागच्याच गल्लीत राहतो आणि गेली दोन वर्षे माझे फाटक टाळण्यासाठी भाजीला लांबच्या रस्त्याने जातो. त्याचा विषय पुढे येईल.

कलम १. माझे राहते घर माझे पती कै. पद्मनाभ यांनी बांधले. स्वयंपाकघराची खिडकी चुकीच्या भिंतीत गेली, हे त्यांनी शेवटपर्यंत कबूल केले नाही; दुपारचे ऊन सोसत मी तीस वर्षे फोडण्या दिल्या. हे घर माझा भाचा शुभंकर (भीमाचार्यचा मुलगा) आणि त्याची बायको मुग्धा या दोघांना समाईक द्यावे. खिडकी बदलण्यास माझी हरकत नाही. घर विकून सर्जापूर रोडला जमीन घेऊ, असे शुभंकर अधूनमधून म्हणतो, त्याला मात्र सक्त हरकत आहे. त्या रानात कोण राहायला जाणार आहे, देव जाणे. दिवाणखान्यात टीव्हीसमोर वेताच्या दोन खुर्च्या आहेत, त्या जागच्या हलवू नयेत.

कलम २. बँकेतील ठेव आणि माझ्या बांगड्या मुग्धाला. ती पुण्याची आहे, असल्या जाड बांगड्या घालणार नाही, हे मला ठाऊक आहे. मोडून नवीन करायच्या असतील तर खुशाल कराव्यात, फक्त तेराव्याच्या आत नको.

कलम ३. पितळी कॉफी फिल्टर डॉ. प्रतिमा यांना द्यायचा होता, पण त्या या मृत्युपत्राच्या साक्षीदार आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असे आमच्या वकिलांचे मत पडले. म्हणून फिल्टर मी कालच त्यांच्या घरी नेऊन दिला. वकिलांचे हे मत वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे.

कलम ४. आता मुख्य जंगम मिळकत. शुभंकर कंपनीच्या कामासाठी ओसाकाला राहून आला, तेव्हा त्याने व्हिडिओ गेमचे यंत्र आणले. आणले स्वतःसाठी, पण मुग्धाने घरात ठेवू दिले नाही, म्हणून ते माझ्याकडे आले. जपानातली वीज आपल्यापेक्षा मवाळ असल्यामुळे एस. पी. रोडवरून वेगळा ट्रान्सफॉर्मर आणावा लागला. यंत्रासोबत तीन कॅसेटी आल्या. तिन्ही खेळ तिकडच्या जुन्या, गाजलेल्या कार्टून मालिकांवरून काढलेले आहेत. शुभंकरने त्या मालिकांच्या टेपाही आणल्या होत्या. चित्र सारखे वर सरकत असे, पण जेवढे दिसले तेवढे मी पाहिले. त्यावरून माझे स्पष्ट मत असे, की मालिकेचा खेळ करणारे लोक मालिका बघत नसावेत.

उदाहरणार्थ, पहिली कॅसेट मुष्टियोद्ध्याची. मालिकेत हा गडी ठोसा मारण्याआधी अर्धा भाग नुसता विचार करतो, गुरूला आठवतो, डोळे पुसतो. खेळात विचार करायला थांबलात की तुमचाच जबडा गेला. ही कॅसेट शेजारच्या बसवंतअण्णांना द्यावी. ते तपकीर ओढून कॅसेटमध्ये फुंकर घालतात आणि वर मलाच सांगतात, "अक्का, स्वल्प धूळ होती, आता सरी होते, नीट चालते बघा." त्यानंतर ती कॅसेट दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची राहिलेली नाही. दुसरी कॅसेट गुप्तहेर बेडकाची. मालिकाभर तो एकाच खुनाचा तपास करतो. खेळात त्याला नाणी गोळा करायला लावले आहे. ही कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीला द्यावी. त्यांचा एक सिनेमा माझ्याकडून परत करायचा राहिला आहे, तो हिशेब इथे मिटला.

तिसरी कॅसेट दीपगृहातल्या मुलीची. मुलीची आई होडीतून गेली ती आलीच नाही. मुलगी आजोबांनी बनवलेल्या लोखंडी राक्षसाला घेऊन तिला शोधायला निघते. मालिकेत तिला जाड भुवया आणि भयंकर राग आहे. खेळात ती म्हणजे मूठभर लाल ठिपके. पण चालताना वेणी हलते, आणि त्या वेणीवर मी भाळले. जपानी नावे आमच्या जिभेवर टिकेनात, म्हणून आम्ही मुलीला शेवंता म्हणू लागलो आणि राक्षसाला लोखंडे मास्तर.

आम्ही म्हणजे मी आणि भीमा. निवृत्त झाल्यावर त्याला वेळ खायला उठला होता. दर शनिवारी तो येई, उपमा खाई, "हा पोरखेळ आहे" असे बजावून सांगे आणि दुसऱ्या खुर्चीत बसे. शेवंता माझ्याकडे, लोखंडे मास्तर त्याच्याकडे. मास्तरकीच ती, चांगली जमली. म्हणायचा, "अक्का, तू पुढं हो, मागचं मी बघतो." लहानपणी चिकोडीत ओढा ओलांडून शाळेत जाताना मी पुढे आणि तो मागे असायचा, पण तेव्हा तो काही बघत नसे, नुसता रडत असे.

वाटेतले समुद्रराक्षस मारून संपले, की शेवटी धक्क्यावर होडी लागते. म्हातारा खलाशी शेवंताला काहीतरी विचारतो आणि खाली दोन शब्द उमटतात, जपानीत. मुग्धा जपानी शिकलेली. तिने टीव्हीच्या कडेला चिकटपट्टी लावून त्यावर लिहून दिले: वरचा शब्द, जाते. खालचा शब्द, येते.

आता घरातून निघताना आपल्यात कोणी "जाते" म्हणते का? आम्ही दोघांनी बिनबोभाट खालचा शब्द दाबला. शेवंता वळली आणि तरातरा गावात परत आली. सगळे राक्षस पुन्हा जिवंत. पुढच्या शनिवारीही तेच. असे कितीतरी शनिवार गेले. भीमा म्हणे, कॅसेट बिघडली. मी म्हणे, तुझा अंगठा मंद आहे. शेवटी एकदा मुग्धाने पाहिले आणि डोक्याला हात लावला.

"अहो आत्या, ते निघतानाचं 'येते' नाहीये हो! लिटरली परत येते, बॅक टू होम. पट्टीवर जागा नव्हती म्हणून मी शॉर्टमध्ये लिहिलं. तुम्ही दर वेळी तिला घरी पाठवताय! वरचं दाबा ना."

भीमाने लगेच वरचे दाबायला हात पुढे केला. मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "अक्का, खेळ आहे हा!" मी म्हटले, असेल, या घरातून माझी पोर "जाते" म्हणून निघणार नाही. तो म्हणाला, इतकी वर्षे टेलिफोन खात्यात काढलीस आणि डोके अजून चिकोडीतच. मी म्हटले, तुझे तर चिकोडीतही नव्हते. तेव्हा तो उठला, चपला घातल्या, माझ्या उंबऱ्यात उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "जातो मी!"

मुलीला जो शब्द मी म्हणू दिला नाही, तो माझ्या भावाने माझ्या दारात उच्चारला, आणि शब्दाला जागलाही. गेला तो गेलाच.

कलम ५. भीमा, इथून पुढचे तुला उद्देशून आहे. इथवर वाचताना तू आपले नाव शोधत असशील आणि धुमसत असशील. तुला या मृत्युपत्रात काही ठेवलेले नाही. खुर्ची नाही, यंत्र नाही, फुटका चमचाही नाही. याचे कारण कलम तीनमध्ये आहे. ज्याला काही मिळत नाही तोच साक्षीदार होऊ शकतो, आणि साक्षीदाराला सही करायला माझ्यासमोर यावेच लागते. दुसऱ्या कुठल्या कारणाने तू आला नसतास. कायद्याचा मान मात्र तू नेहमी राखलास.

एक गोष्ट तुला माहीत नाही. आई बाळंतपणाला माहेरी निघाली, तेव्हा गाडीवान घाई करत होता. बैलगाडीत चढता चढता ती मला म्हणाली, "वासू, जाते गं, भीमाला सांभाळ." तू माझ्या कडेवर होतास. तिच्या तोंडून शब्द चुकला हे मला तेव्हाच कळले होते, पण गाडी पुढे गेली होती. ती परत आली नाही. हे मी कोणालाच सांगितले नाही, यांनासुद्धा नाही. शेवंता लाल ठिपक्यांची आहे हे मलाही कळते. पण मला भीती वाटली, भीमा. आणि तू तेच म्हणून गेलास, तेव्हा मी त्या दिवशी जेवले नाही.

यंत्र आणि तिसरी कॅसेट शुभंकरला. माझ्या पश्चात ती एकदा लावावी, आणि धक्क्यावर होडी लागली की वरचा शब्द भीमाने दाबावा. तेव्हा चालेल, तेव्हा तो शब्द खराच असेल. बटण दाबणे ही मिळकत होत नाही, असे वकिलांकडून विचारून घेतले आहे. मी हयात असेपर्यंत मात्र खालचाच शब्द दाबायचा आणि सगळे राक्षस पुन्हा मारायचे. त्यासाठी लोखंडे मास्तर लागतात. मला एकटीला मागचे बघता येत नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला असून साक्षीदारांनी तो वाचल्यावर त्यांच्यादेखत सही करीत आहे.

ठिकाण: बनशंकरी, बेंगळूर
दिनांक: १४ नोव्हेंबर १९९८, शनिवार

(सही) वासंती पद्मनाभ हुदलीकर

साक्षीदार १: (सही) डॉ. प्रतिमा. कॉफी फिल्टर काल मिळाला. आज फक्त सही.

साक्षीदार २: (सही) भीमाचार्य वासुदेव गलगली. कलम चार व पाच दोनदा वाचले. माझा अंगठा मंद असल्याचा उल्लेख मान्य नाही. बाकी मजकूर मान्य. उपमा खाल्ला. अक्का, येतो.