पळत आलेली पोर

९ एप्रिल, बुधवार

शेवट बदलला! ‘बर्फतोड’चा शेवटच बदलून टाकला, आणि थिएटरभर लोक डोळे पुसत बसले. मोहिनीसुद्धा. एवढी दोन वर्षं एका खोलीत राहतोय, पण आज परकी वाटली. म्हणे, "किती भारी ना गं?" मी म्हणाले, आधी कादंबरी वाच. म्हणे, "तुला मेलीला काहीच आवडत नाही." असेल.

१० एप्रिल

डोकं शांत ठेवून लिहिते, निबंधाला उपयोगी पडेल.

कादंबरीत यमू आणि तिचा नवरा दूरच्या एका ग्रहावर बर्फ तोडायला जातात. दोघांत मिळून एकच हत्यार, एकच हजेरी. आमच्याकडं ऊसतोडीच्या जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात, अगदी तसं. लेखकानं आमचं शिरूर कासार पाहिलंय की काय, कोण जाणे. तिथले सात महिने म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. यमू दोन वर्षांची लेक मागं ठेवून जाते. परत येते तेव्हा पोर नऊ वर्षांची. ती दाराआड लपते आणि विचारते, "ही कोण?" तिथंच कादंबरी संपते. पुढं एक कोरं पान आहे, ते मी कितीदा उलटलंय.

सिनेमात नवरा पहिल्याच रिळात मेलेला. म्हणजे एका हत्याराची भानगडच मिटली. बर्फावर गाणं — चार मिनिटं. आणि शेवटी पोर यानाकडं पळत सुटते, "आई, आई" करत. सात वर्षं न पाहिलेल्या बाईकडं! ज्यानं हे लिहिलं त्याला कुणी मागं ठेवून गेलेलं नाही.

विजयमाला मॅडमना विषय आवडला. २६ तारखेला विभागाच्या चर्चासत्रात वाचायचा. एम.ए.च्या मुलांतून मी एकटीच.

१७ एप्रिल

आई डोळे दाखवायला बीडला आली. हंगाम संपून तीन आठवडे झाले, तरी हाताच्या चिरा बुजल्या नाहीत. डॉक्टरचा नंबर चारला होता, म्हणून बाराच्या शोला नेलं. मला वाटलं, झोपेल. कसली झोपते! बर्फावर शिट्टी वाजवणारा माणूस दिसला तशी म्हणाली, "तिकडं बी मुकादम हायच की." पुढच्या रांगेतले वळून हसले.

शेवटाला लई रडली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "तू बी अशीच पळत आलतीस. मी ट्रकातून पुरती उतरले बी नव्हते."

मी रिक्षावाल्याला दवाखान्याचा पत्ता सांगितला.

१८ एप्रिल

मी पळत गेले नव्हते.

पाच वर्षांची होते. त्या साली आई-वडील मला पहिल्यांदाच दगडाआत्याकडं ठेवून गेलेले. सहा महिन्यांनी ट्रक आला तेव्हा मी कडब्याच्या गंजीमागं लपले. गालाला कडबा टोचत होता, तरी हलले नाही. आई समोर उभी, हातात लाल फ्रॉक. उन्हानं काळी पडलेली, हडकलेली. मी आत्याचं लुगडं धरलं आणि तिलाच "आई" म्हणाले. सगळे हसले, आईपण हसली. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

निबंधाच्या शेवटच्या पानावर मी हेच लिहिलंय. पुरावा म्हणून.

२१ एप्रिल

दगडाआत्याला फोन केला. "लपलतीस म्हंजे? दोन दिस तिच्या हातचं खाल्लं न्हाईस. कावून इचारतीस आता?"

मग आईला कसं आठवत नाही?

२२ एप्रिल

की आठवायचं नाही?

२५ एप्रिल

आई उद्या ऐकायला येणार. फोनवर म्हणाली, "मला कळंल न कळंल, तुला बोलताना बगायचं हाय."

झालं. ते पान वाचलं, तर तिच्याजवळ पळत आलेली जी एक पोर आहे, ती चार लोकांसमोर मी काढून घेणार. नाही वाचलं, तर निबंधात राहतंय काय? मॅडम आधीच म्हणाल्यात, "ते पान म्हणजेच तुझा निबंध आहे, सुकन्या." पंधरा दिवस त्या सिनेमावाल्याला लबाड म्हणत होते. उद्या मी कोण?



२६ एप्रिल

नाही वाचलं. त्या पानाची घडी घालून टेबलावर ठेवली. "हा शेवट खोटा आहे, पण तो कुणाला का हवा असतो, तेही पाहिलं पाहिजे," एवढंच म्हणाले आणि बसले. टाळ्या जेमतेम. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं नाही. आई शेवटच्या बाकावर, नवा चष्मा, डोक्यावर पदर. सगळे थांबले तरी वाजवत होती.

२७ एप्रिल

आईला एसटीत बसवायला गेले. स्टँडवर म्हणाली, "शेवटचं पान कावून वाचलं न्हाईस?"

हिला अक्षर येत नाही. पानं मात्र मोजली होती. मी म्हणाले, वेळ संपला होता.

"दगडानं सांगितलं मला, तू फोन केलतास ते. मला ठाव हाय गं. गंजीमागं लपलतीस. मोठी झाल्यावर तुज्या मनाला लागून राहू नये, म्हणून मीच तुला पळत आणली. सगळा उन्हाळा रोज तेच सांगितलं तुला, पळत आलतीस म्हणून."

गाडी लागली. चढली, जागा धरली, खिडकीतून वाकून म्हणाली, "पुढल्या साली मग खरंच पळत आलीस की."

हे मला आठवत नाही. पण लिहून ठेवते.