पिल्लं नव्हेत

बाबा, काल घोडबंदरच्या खाडीवर ओहोटीला दोन्ही जातींचे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, एकत्र उभे होते. उंच, फिकट, गुलाबी चोचीचं फक्त टोक काळं, तो मोठा. डोकं पाण्यात बुडवून तो तळाचा चिखल ढवळतो. बुटका, गडद, चोच सगळीच काळपट लाल, तो छोटा. तो वरच्यावर चोच फिरवत शेवाळ गाळतो. दोन हजार चार-पाचच्या हिवाळ्यात हे आपल्याला ठाऊक नव्हतं.

दादर सोडून आपण पूनम सागरला नुकते आलो होतो. सोसायटीच्या फळ्यावर रोज सुविचार लिहायचं काम तुम्ही आपणहून घेतलंत. तुम्ही कारकून, पण शेजारी तुम्हाला मास्टरजी म्हणू लागले आणि तुम्हाला ते आवडलं. एका शनिवारी सुविचाराऐवजी तुम्ही हिंदीत लिहिलंत, की खाडीवर रोहित पिल्लांसह आले आहेत. लहान ती पिल्लं, वयाबरोबर रंग उतरतो, माणसासारखा. रविवारी आपण दोघं गेलो तेव्हा चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणाऱ्या कोळीण मावशींनाही तुम्ही हेच समजावलंत. त्या कंबर सरळ करून म्हणाल्या, "पिल्लं न्हायत ती, भाऊ. पिल्लू मळकट असतं. ही जातच बारीक हाय. उद्या शेळीला म्हशीचं रेडकू म्हणाल."

मी मान खाली घालून उभी आहे आणि तुम्ही हसताय. चोच, मान, खाणं, सगळं विचारून घेताय, त्यांची टोपली हातात धरून. चूक निघाल्यावर माणूस इतका खूश कसा होतो, मला कळत नाही.

सोमवारी ऑफिसला जाण्याआधी तुम्ही फळ्यावर लिहिलंत, माझी चूक झाली, आणि खाली दोन्ही चोचींची चित्रं काढलीत. फळा संध्याकाळी वॉचमन पुसायचा. जेवताना तुम्ही म्हणालात, "बघ, कोणी हसलं नाही. चांगली माणसं आहेत इथली." या जागेबद्दल तुम्ही पहिल्यांदाच बरं बोललात, आणि मग इथे रमलात.

बाबा, तुम्ही निघाल्यावर दहा मिनिटांनी, कॉलेजला जाताना, तो मजकूर मी ओढणीने पुसला होता. माणसं पुढे खरोखरच चांगली निघाली, पण त्या दिवशी त्यांनी काही वाचलंच नव्हतं. तुमचा आनंद मोडायला नको म्हणून सांगितलं नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते: मला मास्टरजींची मुलगी राहायचं होतं.