लाराशला गेलेला माणूस

केतामा,
३ फेब्रुवारी

चि. शामास,
ताईचे अ. आ.

फोनला इथे डोंगर आडवा येतो, म्हणून हे पत्र टॅक्सीवाल्याजवळ देते आहे. बर्फ उतरलं. शेळी व्याली. छप्पर गळतं, पण एकाच कोपऱ्यात, तेव्हा सध्या त्याच्याशी माझं भांडण नाही.

आता मुख्य बातमी. गावातल्या बहुतेकांना गांजा लावायचा सरकारी परवाना मिळाला. काल-परवापर्यंत ज्या झाडापायी माणसं डोंगरात लपत होती, त्याच झाडाच्या शेतावर आता नंबर घातलेली पाटी लागते. मीही अर्ज घेऊन खालच्या कचेरीत गेले. साहेब तरुण आणि गोड बोलणारा. म्हणाला, जमीन तुमच्या नवऱ्याच्या नावावर आहे, त्यांची सही आणा. मी सांगितलं, तो चार वर्षांपूर्वी वारला. त्यावर तो हसला आणि मला धीर देऊ लागला. म्हणाला, लल्ला, बाईसाहेब, आता घाबरू नका, जुन्या गांजेवाल्यांना सरकारनं माफी दिली आहे, त्यात तुमच्या सल्लाम यांचंही नाव आहे, आता त्यांना मारायची गरज नाही.

मी शपथ घेतली. त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. तिथे लिहिलं होतं की सल्लाम जिवंत असून खाली समुद्रकाठी लाराशला राहतो.

दोष कुणाला देऊ? सल्लाम गेला तेव्हा ऐन कापणी होती, घराघराच्या गच्चीवर माल वाळत पडला होता. मृत्यूची वर्दी दिली असती तर डॉक्टर, फौजदार, सगळे वर आले असते. म्हणून गावानं त्याला पहाटे गुपचूप पुरलं. मी पांढरं नेसले नाही, कुणी रडलं नाही. फौजदार बूश्ता त्याला शोधत यायचा तेव्हा सगळे वर्षानुवर्षं सांगायचे तेच सांगत राहिले, की तो लाराशला गेलाय. मग बर्फ पडलं, मग उशीर झाला, आणि मेलेला माणूस लाराशलाच राहिला.

पेरणी मार्चअखेर. तोवर परवाना नाही तर वर्ष गेलं, आणि परवान्याशिवाय पेरलं तर अख्ख्या डोंगरात चोर मी एकटीच. तुझे मफद्दल नगरपालिकेत आहेत, त्यांना विचार. मुलांना पापे.

तुझी,
मिमूंत

*

तेतुआन,
११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शामाचे कृ. सलाम, वि. वि.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं आणि मफद्दल चहा सांडेपर्यंत हसले. मग माझा चेहरा त्यांना दिसला आणि ते सांडलेला चहा पुसू लागले.

ते म्हणतात की माणूस मेल्याचं सिद्ध करायला तीन महिने लागतात आणि जिवंत असल्याचं एका सकाळीत होतं. त्यांचा सल्ला असा: भावजींना अजून एक हंगाम जिवंत राहू दे. कुणीतरी त्यांच्या नावानं अंगठा उठवावा, तू पेरावंस, कापावंस, आणि पानगळीत त्यांना शांतपणे मारावंस. चार वर्षं लाराशला काढली, अजून सहा महिन्यांनी काय बिघडतं? मला हे बोलणं आवडलं नाही, पण चुकीचंही वाटेना. तू खाणार काय, ताई? शेळी?

हट्ट करू नकोस. तू हट्ट केलास की बाबांची आठवण येते, आणि ते काही चांगलं लक्षण नव्हे.

रागावलीस तरी उत्तर धाड, माया कमी करू नकोस.

तुझी,
शामा

*

केतामा,
२७ फेब्रुवारी

चि. शामास,
अ. आ.

मफद्दलना सांग, त्यांच्या आधीच गावचा कारभार बघणाऱ्या मुकद्दम अल्लालला तीच अक्कल सुचली. परवा तो एक सल्लाम घेऊनच दारात उभा. पलीकडच्या डोंगरावरचा मेंढपाळ, मिशी बरीच जुळती, अंगात कुणाचा तरी लोकरी झगा. अल्लाल म्हणाला, वहिनी, नीट बघून घे, आवडला नाही तर दुसरा आहे.

मी म्हटलं पाहुणा आहे, चहा करावा. तो भला माणूस सरावासाठी सल्लामच्या जागेवर, भिंतीला टेकून बसला. माझ्या सपाता कुठेत म्हणून विचारलं. इथवर मी ऐकून घेतलं. मग घोट घेऊन म्हणाला, बाई, साखर कमी पडली. सल्लामनं उभ्या जन्मात माझ्या चहाला नाव ठेवलं नाही. मी दोघांना बाहेर काढलं. मेंढपाळ जाता जाता माफी मागत होता आणि अल्लाल मला समजावत होता की स्वभाव शिकवता येतो.

ते गेल्यावर मी त्या जागेकडे बघत बसले. शामा, तो जिवंत असता तर मी कितीही खोटं बोलले असते, बोललेच आहे. मेलेल्यासाठी बोलवत नाही. मी ठरवलं आहे, बारा साक्षीदार न्यायचे आणि शपथेवर दस्त करणाऱ्या अदूलसमोर त्याचं मरण लिहून घ्यायचं. पेरणी हुकली तर हुकली.

अडचण एवढीच, की गावात साक्षीला चालतील असे जे बारा आहेत, त्याच बारांनी बूश्तापुढे लाराशची शपथ घेतली होती. आता ते घाबरलेत. अल्लालनं तोड काढली, की सल्लाम लाराशलाच मेला असं सांगू, म्हणजे दोन्ही शपथा खऱ्या. गावाला हे फारच पटलं. हम्मादीकाका तर मयताला लाराशला गेल्याचं आठवूही लागले. मी विचारलं, मग आपल्या टेकडीवर कोण पुरलंय? त्यावर सभा संपली.

तुझी,
मिमूंत

*

तेतुआन,
६ मार्च

ती. ताईस,
कृ. सलाम, वि. वि.

मेंढपाळाचं वाचून हसू आवरेना. तरी एक सांगते, आजवर बोलले नव्हते. भावजी गेले तेव्हा तू मलाही निरोप धाडलास की ते लाराशला गेलेत. मी तो खरा मानला. वाटेवर तेतुआन लागतं आणि माणूस मेव्हणीच्या दारी डोकावत नाही, म्हणून त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. रमजान आला तेव्हा मला खरं कळलं. बहीण असून मी तुझ्याजवळ बसून रडले नाही.

पेरणी जाऊ दे. पिठाचं पोतं धाडते आहे, परत पाठवलंस तर मी स्वतः घेऊन येईन आणि महिनाभर राहीन, ही धमकी समज.

तुझी,
शामा

*

केतामा,
२ मे

चि. शामास,
अ. आ.

पीठ पोचलं. धमकीही पोचली. पोतं ठेवून घेतलंय, तरी तू ये.

झालं एकदाचं. बारा जण न्हाऊन-धुऊन अदूलसमोर बसले. अदूलनं चष्मा पुसला आणि विचारलं, मिमूंतचा नवरा सल्लाम सध्या कुठे आहे? बाराही जण एका सुरात म्हणाले, लाराशला.

दोष त्यांचा नव्हता, ग. विचारणाऱ्याचा आवाज वर्दीवाल्यासारखा होता, जीभ आपोआप चालली. अदूलनं लेखणी खाली ठेवली. मग हम्मादीकाका जमिनीकडे बघत म्हणाले की त्याला मी न्हाऊ घातलं. हातांना हिरव्या गांजाचा वास होता, साबणानंही जाईना, शेवटी तसाच पुरला. मग कबर खणणारा बोलला. मग खांदा देणारे. अल्लाल सर्वांत शेवटी बोलला आणि सर्वांत जास्त रडला. अदूलनं सगळं लिहून घेतलं, खोट्या शपथेचं मात्र काही विचारलं नाही. तोही डोंगरातलाच आहे.

कागद आला तोवर पेरणी उलटली होती. यंदा हरभरा. परवाना पुढच्या वर्षी, माझ्याच नावानं.

कागद आल्याचं कळताच गावातल्या बाया निळ्या कागदातल्या साखरेच्या ढेपी घेऊन दुखवट्याला आल्या. चार वर्षांचं रडणं राहिलेलं, दोन दिवस पुरलं. मी पांढरं नेसले. मशिदीतले फकीह म्हणाले, विधवेची मुदत केव्हाच सरली, आता गरज नाही. मी म्हटलं, मुदत सरली असेल, नेसायचं राहिलंय.

तिसऱ्या दिवशी बूश्ता आला. निवृत्त झालाय, गुडघे गेलेत, काखेत साखरेची ढेप. धापा टाकत बसला आणि आधी भांडलाच. म्हणाला, मला तरी सांगायचंत! तुमच्या शपथांवर विश्वास ठेवून मी पदरच्या खर्चानं लाराशला जाऊन आलो, बंदरावर कोळ्याकोळ्याला विचारत फिरलो. इतका शोधलेला माणूस, आणि त्याच्या मयतीला मी नाही. मी चहा दिला. साखरेबद्दल काही बोलला नाही.

मग म्हणाला, कबर दाखवा. मी टेकडीवर घेऊन गेले. त्यानं फातिहा म्हटला. मला वाटलं आता निघेल. तर विचारतो कसा, माफीचं याला कुणी कळवलं का? मी म्हटलं, कोण कळवणार? तो म्हणाला, नियम असा आहे की आरोपीला समक्ष सांगावं लागतं. झगा नीट केला, टाचा जुळवल्या आणि जुन्या आवाजात कबरीला सांगितलं: सल्लाम, वडील मोहंद, राहणार याच गावी, तुझ्यावरचे सर्व आरोप मागे घेतले आहेत, आता तू घरी जाऊ शकतोस.

मी इतकी हसले की खाली बसावं लागलं. मग बराच वेळ उठले नाही. बूश्ता शेजारी उभा राहिला, पाठ वळवून, मला रडायला मोकळीक मिळावी म्हणून.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी ताई,
मिमूंत